नळी काढून तीन, लावून अडीच

ऑटोमोबाइलच्या प्रयोगशाळेत पांढरा शर्ट घालून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. प्रल्हाद बेलोकार. आम्ही प्राध्यापक मंडळी निळे अॅप्रन चढवून लांबून बोट दाखवायचो, तरी घरी गेल्यावर बाहीला काळं लागलेलं असायचंच. हा माणूस दिवसभर कोपरापर्यंत हात इंजिनात घालणार आणि संध्याकाळी चांदूर रेल्वेच्या एस.टी.त बसताना शर्ट सकाळी होता तसाच. एकदा न राहवून विचारलं, "प्रल्हादभाऊ, हे जमतं कसं तुम्हाला?"

"तेल इंजिनात पायजे सर. आंगावर काहून येईन?"

हे असं तोडून बोलणं. मी अकोल्याचा, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं नाही. पण पुण्याकडून नव्याने आलेल्या एक मॅडम पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येऊन मला सांगत होत्या की, तो माणूस आपल्याला 'तुमाले यातलं काई समजत नाई' म्हणाला. कशाबद्दल म्हणाला, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. खरोखरच त्यांना त्यातलं काही समजलेलं नव्हतं, पण तसं मी बोललो नाही. न बोलणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

अमरावतीच्या आमच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रल्हादभाऊ प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षण आयटीआय. ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक महिना घरी बसायचं आणि पुन्हा नवी ऑर्डर घ्यायची, म्हणजे कायम करा म्हणायचा हक्क राहत नाही. अशा एकोणीस ऑर्डरी त्यांनी घेतल्या होत्या. घरी बसायच्या महिन्यातही ते प्रयोगशाळेत येत. "इंजिनाले काय म्हाइत ब्रेक चालू हाय म्हून?" असं म्हणत आणि बिनपगारी काम करत. आम्हाला सोयीचं होतं, म्हणून आम्हीही कौतुकाने हसत होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

त्यांची खरी हुकमत पेट्रोलच्या दाबावर. साध्या इंजिनाला टर्बो बसवणं हा गेल्या काही वर्षांत पोरांचा आवडता उद्योग झाला आहे. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्याच हिशोबात जास्त जायला हवं, नाहीतर आतली आग इतकी तापते की पिस्टनला भोक पडतं. तो हिशोब ठेवते लिंबाएवढी एक डबी. तिच्या डोक्यावर दाब कमीजास्त करायचा स्क्रू आणि बाजूला एक रबरी नळी. नळी इंजिनाकडे जाते आणि इंजिन श्वास किती ओढतंय ते डबीला कळवते. आम्ही हे दोन तास फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचो. प्रल्हादभाऊ पेट्रोल ढकलणारा पंप चालू करायचे, नळी डबीपासून न काढता तिचं दुसरं टोक एखाद्या पोराच्या तोंडात द्यायचे आणि म्हणायचे, "ओढ."

पोरगं ओढायचं. दाबाचा काटा खाली यायचा.

"आता फुक."

काटा वर जायचा. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. "आता तू इंजिन हायस. समजलं? ओढलं की पेट्रोल कमी, फुकलं की जास्त. आन् कधी तोंडात पेट्रोल आलं तर समज डबीतला पडदा फाटला. डबी फेकून दे आन् गुळणी कर." पाच मिनिटांत धडा संपायचा. माझे दोन तास पोरं विसरायची, ती पाच मिनिटं विसरत नसत.

दाब लावायची त्यांची रीत ठरलेली. नळी काढायची, तिच्या तोंडात बोल्ट खोचून ती बंद करायची आणि मग स्क्रू फिरवून काटा तीनवर आणायचा. इंजिन चांगलं तापू द्यायचं, पुन्हा पाहायचं. मग नळी लावायची. लावली की काटा आपोआप अडीचवर उतरतो. "नळी काढून तीन, लावून अडीच," हे ते इतक्यांदा म्हणत की कॅन्टीनवाला पोहे देताना त्याच चालीवर "तर्री घालून तीस, बिना तर्री पंचवीस" म्हणायचा. त्याच्यावर ते आठवडाभर रुसले होते. थट्टा त्यांना झेपत नसे.

दाब मोजायचा काटा त्यांचा स्वतःचा होता. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायचे. संस्थेचे दोन काटे कपाटात होते, त्यांना ते हात लावत नसत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा व्हायची. प्रल्हादभाऊंचं घर माळ्याचं, भावासोबत फुलांची शेती. पोतंभर झेंडू तेच आणायचे. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, काट्याला मात्र नाही. "कुंकू आत गेलं तर काटा अडकते. देवाले समजते ते," असं त्यांनी भटजींनाच सुनावलं होतं.

एकदा परतवाड्याकडचे एक संत्र्याचे बागायतदार पोराची गाडी घेऊन आले. गाडीला बाहेरून कुठूनतरी टर्बो बसवून आणला होता आणि पोराला आणखी जोर हवा होता. संस्थेच्या सचिवांची चिठ्ठी होती. प्रल्हादभाऊंनी गाडी चालू केली, दोन मिनिटं ऐकली, बंद केली.

"पंप लहान हाय. हवा वाढवली तर पेट्रोल पुरणार नाई."

"अहो भाऊ, साहेबांनी पाठवलं आहे," बागायतदार म्हणाले.

"साहेब बसणार हायेत का गाडीत? का तुमी बसणार?"

"पोरगा बसणार."

"मंग त्याच्या मायले विचारून या."

बागायतदार भडकले, मग निघून गेले, आणि महिन्याभराने मोठा पंप घेऊन परत आले. सचिवांनी मात्र ती गोष्ट लक्षात ठेवली.

त्यांच्यात खोड नव्हती असं नाही. मुख्य खोड ही की ते काहीही लिहून ठेवत नसत. प्रयोगशाळेत नोंदवही होती. कोणत्या इंजिनाला काय केलं, कोणत्या आकड्यावर ठेवलं, खाली सही. प्रल्हादभाऊंचं पान कोरं. "लिहून ठेवलं की माणूस पाहत नाई सर. वही पाह्यते आन् काटा सोडून देते." मी चारदोनदा समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. उलट मलाच म्हणाले, "तुमी शिकवता चांगलं. पण तुमचे हात कायम जेबीत असतात." विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. मला ते फार लागलं होतं, आणि पुढे जे झालं त्यात या लागण्याचा काहीच वाटा नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग ती टर्बोची गाडी आली. संस्थेने एक जुनी छोटी पेट्रोल गाडी विकत घेतली, भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो काढून तिला बसवायचा आणि अकोल्याच्या तंत्रप्रदर्शनात ती मैदानावर पळवून दाखवायची, असं ठरलं. विभागप्रमुख गावंडे सरांचं नाव प्रकल्पावर. काम अर्थात प्रल्हादभाऊंचं. सचिवांनी सर्वांदेखत सांगितलं, "बेलोकार, अकोल्याचं नीट पार पाडा. तुमची फाइल मी स्वतः पुढे पाठवतो. कायम करून टाकू."

त्या दिवसापासून हा माणूस बदलला. कॅन्टीनवाल्याशी बोलायला लागला. मला एकदा चहा पाजला आणि कायम झालेल्या माणसाला वैद्यकीय रजा किती मिळते ते विचारलं. एकोणीस वर्षांत त्यांनी रजा या शब्दाची चौकशी कधी केली नव्हती. "बायकोचं गुडघ्याचं आपरेशन हाय. थांबवून ठेवलं. आता होऊन जाईन," म्हणाले. सहा महिने ती गाडी त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा दाब लावायचा होता. प्रल्हादभाऊंनी नळी काढली, बोल्ट खोचला, काटा तीनवर आणला आणि इंजिन तापायला चालू ठेवलं. तेवढ्यात सचिवांचा फोन. त्यांची स्वतःची गाडी नांदगाव पेठच्या एमआयडीसीजवळ बंद पडली होती. बेलोकारला पाठवा. प्रल्हादभाऊ म्हणाले, "दहा मिनिटं द्या, नळी लावतो आन् जातो." गावंडे सर म्हणाले, "आधी निघा. साहेब उन्हात उभे आहेत." फाइल डोळ्यांसमोर असणार. निघाले. दारातून वळून मला म्हणाले, "सर, कोणाले हात लावू देऊ नका."

ते गेल्यावर अर्ध्या तासाने संस्थेचे दोन पदाधिकारी गाडी बघायला आले. गावंडे सरांना काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं, चालू इंजिनावर दाब अडीच. तो आकडा नळी लावलेल्या इंजिनाचा होता. समोर नळी काढलेली होती आणि काटा तीनवर. "बघा, या लोकांना पुस्तक वाचायची सवय नसते," असं म्हणत सरांनी पाना घेतला आणि पाहुण्यांसमोर काटा अडीचवर आणला. मग स्क्रूवरचा नट घट्ट केला आणि नळी लावली. काटा दोनवर उतरला. पाहुणे तोवर मागे वळले होते.

मी तिथेच उभा होतो. वीस वर्षं हा विषय शिकवलेला माणूस. काटा दोनवर म्हणजे टर्बोने हवा कोंबली की पेट्रोल कमी पडणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मला वाटलं होतं, पाहुणे गेले की सांगू. पाहुणे गेले ते सरांना घेऊनच. मग वाटलं, आपण स्क्रू पुन्हा फिरवला आणि सरांना कळलं तर? सर वर्षभरात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी नाव माझं लागायचं होतं. हे असं स्पष्ट लिहायला मला इतकी वर्षं लागली. शिवाय मनाने एक सोयही काढून दिली, गाडी मैदानात थोडीच तर पळणार आहे, इतक्यात काय होतं?

चार वाजता प्रल्हादभाऊंचा फोन आला. सचिवांची गाडी दुरुस्त झाली होती, पण आता त्यांना घेऊन परस्पर नागपूरला जायचं होतं, ड्रायव्हर रजेवर.

"सर, नळी लावली का?"

"लावली."

"लावल्यावर काटा किती हाय?"

समोर इंजिन अजून चालू होतं, काटा दोनवर होता.

"अडीच," मी म्हणालो.

"पाह्यला ना तुमी सोता?"

"पाहिला."

"मंग फिकीर नाई. दुसऱ्या कोणाले नसतं विचारलं." आणि फोन ठेवला.

अकोल्याच्या मैदानावर काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते आठवायला आवडत नाही. पहिली फेरी हळू झाली. दुसऱ्या फेरीला गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याने पाय दाबला, टर्बोची शीळ ऐकू आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रल्हादभाऊ नागपूरहून थेट आले होते, दोरीपाशी उभे होते. टाळ्यांच्या आधीच त्यांनी काहीतरी ऐकलं. "पाय काढ! अबे पाय काढ!" ओरडत ते दोरीखालून आत धावले. धूर आला, मग तेल, मग बॉनेटमधून ज्वाळ. त्यांनीच पोराला ओढून बाहेर काढलं. त्याला खरचटलंही नाही. पांढरा शर्ट काळा झालेला मी त्या दिवशी पाहिला. मंचावर सचिव पाहुण्यांशेजारी बसलेले होते.

तिसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष गावंडे सर. सदस्य दोन, एक कार्यालयातले आणि एक मी. गाडी भंगाराच्या शेडमध्ये टाकून कुलूप लावलं होतं. प्रल्हादभाऊंनी तीनदा विनंती केली, "मले ते डबी पाहू द्या, फक्त डबी." पुरावा आहे, हात लावता येणार नाही, असं उत्तर मिळालं. नोंदवही मागवली. त्यांचं पान कोरं.

गावंडे सरांनी विचारलं, "दाब तुम्ही लावला होता?"

"हो."

"किती?"

"नळी काढून तीन."

"आणि नंतर कोणी तपासला?"

प्रल्हादभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "सरांनी पाह्यला. अडीच होता. सर खोटं नाई बोलणार. म्हणजे माहंच कायतरी चुकलं. पंप असन, नाईतर काटाच खोटा झाला असन माहा. पण चूक माहीच."

माझ्या एका शब्दावर त्या माणसाने स्वतःविरुद्ध साक्ष दिली. मी समोर बसून ती लिहून घेतली. अहवालात 'इंधनदाब निश्चित करण्यात सहायकाचा निष्काळजीपणा' असं वाक्य आहे. खाली तीन सह्या. तिसरी माझी. अक्षर चांगलं आलं आहे. विसावी ऑर्डर निघाली नाही.

पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख झालो. प्रल्हादभाऊंना कुठल्याही गॅरेजने डोळे मिटून घेतलं असतं, अमरावतीत नाहीतर अकोल्यात. मी तशी समजूत करून घेतली होती आणि ती चार वर्षं टिकली. मग चांदूर रेल्वेकडचा एक माजी विद्यार्थी भेटला. मी सहज विचारलं, प्रल्हादभाऊ काय करतात? म्हणाला, "फुलं तोडतात, भावासंगं. इंजिनाले हात नाई लावत सर. वावरातली पाण्याची मोटार बिघडली तरी गावातून मेकॅनिक बोलावतात. लोक हसतात."

हे मला नवीन होतं. नोकरी गेली एवढंच माझ्या खात्यावर मी धरलं होतं. दोन रात्री झोप लागली नाही आणि रविवारी गाडी काढून त्यांच्या वावरातल्या घरी गेलो.

प्रल्हादभाऊ विहिरीपाशी उभे होते. मोटार बंद पडली होती, मेकॅनिकची वाट पाहत होते. मला पाहून आनंदले. खरंच आनंदले. बायकोला हाक मारली, "अवं, सर आले, चहा ठेव." ती लंगडत आत गेली. माझी, माझ्या मुलांची चौकशी केली. मग मी सगळं सांगून टाकलं. गावंडे सर, पाना, पुस्तिका, पाहुणे. फोनवर मी अडीच म्हणालो, पण काटा दोनवर होता, हेही.

ते माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"किती म्हणता?"

"दोन."

"नळी लावून?"

"लावून."

त्यांचे ओठ हलत होते, हिशोब चालला होता. "म्हणजे काढून अडीच केला त्यायनं. म्हणजे म्या तीनवरच ठेवला होता."

"हो."

बायको ट्रेमध्ये तीन कप घेऊन येत होती. तिला म्हणाले, "आयकलं का? म्या चुकलो नोतो म्हणते सर."

"मंग? मी काय सांगून राहिली होती चार वर्षांपासून?"

"तुहं कसं खरं मानू? सरांनी पाह्यला होता ना काटा."

मग माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "नोकरीचं मले काई नाई सर. अकरा महिन्याची नोकरी, आज ना उद्या गेलीच असती. पण माहं पोरगं सायकलची चेन घेऊन आलं, तर म्या म्हटलं दुकानात नेऊन टाक. माह्यावर भरवसा नोको ठेवू, असं सांगतलं म्या पोराले. तुमी त्या दिवशी फक्त दोन म्हणाले असते. मी नांदगाव पेठवरून पायी आलो असतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला आणि बायकोला म्हणाले, "चहा वापस ने."

तिने नेला. वऱ्हाडात दारात आलेल्याला चहाविना कोणी पाठवत नाही. माझ्या पन्नाशी ओलांडलेल्या आयुष्यात ते पहिल्यांदा घडलं आणि मला ते योग्यच वाटलं.

धुऱ्यावरून, शेताच्या बांधाने, रस्त्याला लागलो, गाडीचं दार उघडलं आणि मागे पाहिलं. प्रल्हादभाऊ मोटारीच्या खोलीसमोर गेले होते. स्टार्टरच्या पेटीचं झाकण त्यांनी उघडलेलं होतं. ते आत वाकून पाहत होते, बायको दारातून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी उजवा हात पुढे केला. वायरपासून वीतभर अंतरावर तो थांबला. मला वाटलं आता लावतील, निदान एवढं तरी माझ्या सांगण्याने होईल. हात बराच वेळ तसाच होता. मग त्यांनी तो मागे घेतला आणि झाकण लावून टाकलं.

"कवा येते म्हणते तो मेकॅनिक?" बायकोने विचारलं.

"येऊन राहिला," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि मोटारीपासून दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.